सांडवा

केंदूरच्या शिवारात मे महिन्यात पाऊस पडत नाही. आलीच तर वळवाची एखादी सर येते, धुरळा बसवते, चार कैऱ्या पाडते आणि आपल्या वाटेनं निघून जाते. तिच्यासाठी कोणी हातातला चहा खाली ठेवत नाही. म्हणून मल्हारीनं काढून पात कापलेला सगळा कांदा तालीच्या कडेला मोठ्या लिंबाखाली ढीग घालून ठेवला, तेव्हा त्याला कोणी वेड्यात काढलं नाही. कांदा सावलीत सुकला तर साठवणीच्या बराखीत टिकतो, आणि त्या अख्ख्या रानात सावली काय ती तेवढीच. लिंब तालीपाशी वाढला कारण ओल तिथं होती, आणि ओल तिथं होती कारण रानाचा सगळा उतार तिथं येऊन संपत होता. पण हे गणित मे महिन्यात कोण मांडणार?

ताल म्हणजे रानाच्या खालच्या अंगाला घातलेला छातीएवढा दगडमातीचा बांध. पावसाचं पाणी तिला येऊन अडायचं, जिरायचं आणि त्या ओलीवर बाजरी तरायची. मल्हारीच्या बापानं मेंढरं विकून इथं मुक्काम केला, तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. पुढं मल्हारीनं दर उन्हाळ्यात तिच्यावर दगड चढवला. गावातली माणसं घराला मजले चढवतात, ह्या माणसानं तालीला चढवले. घराचा पत्रा मात्र अजून गळत होता.

यंदा कृत्तिका नक्षत्रातच आभाळ फाटलं. पहिल्या दिवशी मल्हारी अंगणात उभा राहून भिजला आणि बायकोला, सखूबाईला म्हणाला, “आज ताल भरती बघ.” दुसऱ्या दिवशी ताल भरायला लागली. तिसऱ्या दिवशी पाणी कांद्याच्या ढिगाच्या पायाशी आलं, तरी हा आपला तालीवर उभा राहून पोराच्या बारशाला आल्यासारखा पाण्याकडे बघत होता.

त्याची सून हर्षदा घोट्याएवढ्या चिखलातून त्याच्यापाशी आली. ढिगावर ताडपत्री होती, पण ताडपत्री वरच्या पाण्याला. खालच्या पाण्याला काय करणार? हर्षदाचं माहेर भीमेकाठचं, वडगाव रासाईचं. तिथं पावसाळ्यात शेतातलं पाणी बाहेर कसं काढायचं, याचा घोर असतो. बांध फोडणं म्हणजे तिच्या बापाला दाढी करण्याइतकं साधं काम.

“मामा, ताल फोडू या,” ती म्हणाली.

घरातलं जनावर कापायला काढा म्हटल्यासारखं मल्हारीनं तिच्याकडं पाहिलं. “काय फोडू?”

“ताल. न्हाई तर सांडवा तरी खोला. पाणी कांद्याला लागलंय.”

“थांबंल आज. कृत्तिकेचा पाऊस हाय, त्याला दम नसतो.”

“काल बी तुम्ही हेच म्हणला.”

“काल बी कृत्तिकाच व्हती.”

हर्षदानं डोक्यावरची प्लास्टिकची खोळ पुढं ओढली आणि घमेलं आणायला घराकडं निघाली.

सांडव्याची गोष्ट अशी, की प्रत्येक तालीला एका कोपऱ्यात वीतभर उंचीवर पाणी जायला एक वाट ठेवलेली असते. वीतभर पाणी वरच्या रानाचं, त्याच्यावरचं खालच्या रानाचं, असा जुना रिवाज. मल्हारीच्या खाली गोकुळचं रान. बारा वर्षांपूर्वी सलग दोन वर्षं पाऊस झाला नाही, प्यायला टँकर आला, मग एका रात्री पडलेल्या एकुलत्या सरीचं पाणी खाली जाताना मल्हारीनं पाहिलं आणि सांडव्यात दगड रचून वरून चिखल थापला. यंदापुरता म्हणाला होता. ते ‘यंदा’ बारा वर्षं चाललं. गोकुळची विहीर त्यानंतर कधी तुडुंब झाली नाही, आणि दोन्ही घरचे पुरुष एकमेकांशी बोलायचे थांबले. बायका टँकरच्या रांगेत बोलायच्या, कारण बायकांना रांगेत उभं राहावं लागायचं.

त्या दिवशी हर्षदा आणि सखूबाईनं घमेल्यांनी कांदा वाहायला घेतला. घरापर्यंत दीडशे पावलांचा चढ. ट्रॅक्टर चिखलात उतरेना, म्हणून माणसांनीच ट्रॅक्टर व्हायचं. पायातली चप्पल चिखलानं दुसऱ्याच खेपेला काढून घेतली. मान आखडली, घमेल्याच्या काठानं तळहात सोलले, आणि घरात ओतलेला कांदा सगळ्या पडवीत घरंगळत सुटला. सखूबाईचे गुडघे मुळातच गेलेले. प्रत्येक खेपेला ती “बिरोबा” म्हणून उठायची आणि “मेल्या” म्हणून बसायची. हे दुसरं देवाला की नवऱ्याला, ते तिनं कधी सांगितलं नाही. दिवस मावळेपर्यंत चौथाई ढीग हलला. मल्हारीनंही घमेली वाहिली, नाही असं नाही. पण दर खेपेला परत जाताना तो सरळ ढिगाकडं न जाता तालीवरून वळसा घालून यायचा.

हर्षदाचा नवरा सार्थक रांजणगावच्या कंपनीत. पाळी सुटायला आणि ओढ्याला पूर यायला एकच गाठ पडल्यानं तो तिकडंच अडकला होता. त्याचा फोन आला.

“मोबाईलवर अजून चार दिवस दाखवतंय,” तो म्हणाला. “सांडवा खोला की.”

“तुमच्या वडलांना सांगा.”

“तू सांग ना. तू तिथं हायस.”

“मी सांगितलं. तुम्ही सांगा.”

“माझं ऐकत्यात व्हय ते?”

“मग मोबाईलवर बघा, कवा ऐकतील ते दाखवतंय का,” असं म्हणून हर्षदानं फोन ठेवला. तिला रडायलाच आलं होतं, पण हातांना चिखल इतका की डोळे पुसायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं कोणाला न विचारता गोकुळचं घर गाठलं. सांडवा खोलायचा तर पाणी त्याच्या रानात जाणार. त्याला सांगितल्याबिगर खोलला तर पाण्याऐवजी कुऱ्हाडी वाहायच्या. गोकुळ पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. तो गोठ्यातलं पाणी बादलीनं उपसत होता.

“आप्पा, सांडवा खोलायचाय,” हर्षदा म्हणाली. “कांदा भिजतोय आमचा.”

गोकुळनं बादली खाली ठेवली. आधी त्याला हसू आलं, मग राग आला, आणि दोन्ही एकदम तोंडावर आल्यानं तो विचित्र दिसायला लागला.

“बारा वर्षं पाणी मागितलं तवा थेंब दिला न्हाई,” तो म्हणाला. “आन् आता नको असताना अंगावर सोडता व्हय? शेणखत पसरून ठेवलंय मी रानात. समदं वाहून जाईल.”

“खत वाहील ते आम्ही भरून देऊ. आमच्या उकिरड्यातनं.”

“खताचं न्हाई गं पोरी. तुला काय बोलायचं? तू आली तवा सांडवा बुजलेलाच व्हता.” त्यानं पुन्हा बादली उचलली. “ज्यानं बुजवला त्याला पाठव.”

हर्षदानं घरी येऊन निरोप सांगितला. मल्हारी तंबाखू मळत होता.

“मी जाऊ? त्याच्या दारात?”

“व्हय.”

“थांबंल आज पाऊस.”

“मामा, आता रोहिणी लागायला आली, तरी तुमचं थांबंलच चाललंय!” हर्षदा ओरडली. सासऱ्यापुढं तिचा आवाज सात वर्षांत पहिल्यांदा इतका चढला होता. सखूबाई चुलीपुढून म्हणाली, “लई वरडू नको.” मग नवऱ्याला म्हणाली, “तिचं काय चुकतंय?”

तरी तो दिवस मल्हारीनं तसाच काढला. पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी हर्षदानं ताडपत्रीचं टोक उचललं तर आतून गरम वाफ आली आणि वासानं ती दोन पावलं मागं सरली. तळाचा कांदा सडायला लागला होता. तिनं एक कांदा उचलून आणला आणि मल्हारीच्या पुढ्यात ठेवला. त्यानं दाबल्यावर त्यातून पाणी आलं. मल्हारी उठला, पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि गोकुळच्या घराकडं चालायला लागला. हर्षदा मागून गेली, कारण हा माणूस वाटेतून तालीकडं वळणार नाही याची तिला खात्री नव्हती.

गोकुळच्या दारात मल्हारी पागोळ्यांखालीच उभा राहिला. कोणी आत ये म्हटलं नाही आणि तोही गेला नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस, खोळीच्या टोकावरून पाणी नाकावर गळतंय, आणि हा अंगठ्यानं चिखल उकरतोय. हर्षदाला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीत धपाटा घालावासाही वाटला.

“खोलू का सांडवा?” शेवटी मल्हारी म्हणाला.

“खोला,” गोकुळ म्हणाला. “पर पुन्हा त्यात दगड लागायचा न्हाई. दुष्काळ पडू न्हाई तर आभाळ पडू. वीतभर तुमचं, वरचं माझं. जुनं व्हतं तसं.”

“बरं.”

“बरं न्हाई. भंडारा उचला.”

गोकुळची बायको भाग्यश्री आतून देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. तिनं ती आधीच काढून ठेवली असावी. मल्हारीनं हात धोतराला पुसले, पण धोतरच ओलं. तशाच ओल्या बोटांनी त्यानं चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाला, “दगड लावणार न्हाई, माती टाकणार न्हाई.” पिवळा ओघळ कपाळावरून भुवईपर्यंत आला. खंडोबाचा भंडारा उचलून शब्द फिरवणारा माणूस त्या घराण्यात तरी झाला नव्हता.

सांडवा खोलायला दोन तास लागले. मल्हारीनं तो बारा वर्षांपूर्वी बुजवला होता ते काम इतकं पक्कं, की पहार मारली की ठणकन परत यायची. “काय बांधलंय हो हे, किल्ला हाय का?” गोकुळ घामानं आणि पावसानं भिजून म्हणाला, आणि मल्हारीच्या तोंडावर एवढ्या गडबडीतही समाधान दिसलं. त्यावर हर्षदानं कपाळाला हात लावला. एकेक दगड निघाला. तळाचा एकच राहिला. त्याच्या फटीतून पाणी फुसफुसत होतं. मल्हारीनं पहार खाली टाकली.

“तू काढ,” तो हर्षदाला म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

तिनं काढला. पाणी भसकन गोकुळच्या रानात शिरलं, पसरलेलं शेणखत उचलून घेऊन गेलं आणि त्याच्या विहिरीच्या काठावरून आत कोसळायला लागलं. गोकुळ खताकडं बघेना, विहिरीकडंच बघत राहिला.

कांदा अर्धा गेला. सहा दिवस तिघांनी बसून निवडला. चांगला एकीकडं, सडका खड्ड्यात. त्या वासानं जेवण जाईना. एक दिवस आधी खोलला असता तर बराच वाचला असता, हे तिघांनाही कळत होतं. 

मग पाऊस गेला. गेला म्हणजे असा गेला, की जसा काही कधी आलाच नव्हता. मृग कोरडा गेला. आर्द्रात बाजरी पेरण्याइतकी ओल झाली, तेवढ्यावर पेरली. पुनर्वसूचा तरणा पाऊस झाला नाही, पुष्याचा म्हातारा झाला नाही. रोज मोबाईलवर येलो अलर्ट यायचा आणि रोज ढग यायचे. ते केंदूरवर सावली धरायचे आणि पुढं निघून जायचे. तिकडं घाटात मात्र बदाबदा पडत होता. धरणं भरली, भीमेला पूर आला. हर्षदाच्या आईचा वडगाव रासाईहून फोन आला.

“उसात कंबरेएवढं पाणी हाय बाई,” आई म्हणाली. “वरनं ऊन पडलंय आन् खालनं पूर. तुमच्याकडं काय?”

“आमच्याकडं फुफाटा हाय,” हर्षदा म्हणाली. “पाठव थोडं.”

आईला ती चेष्टा वाटली. चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये एका देवाचे हे दोन कायदे कसे, हे हर्षदाला खरोखरच कोणाला तरी विचारायचं होतं. बाजरी पोटरीत आली आणि पानं दुपारी सुरळी होऊन वळायला लागली. ह्याच वेळी पाणी मिळालं नाही तर कणीस बाहेरच पडत नाही, पडलं तर त्यात दाणा भरत नाही. वर्षाची भाकरी त्यात होती. कांदा गेल्यावर दुसरं काही राहिलंच नव्हतं. सखूबाई म्हणायची, “न पडल्या मघा, तर वरती बघा.” मल्हारी वरतीच बघत असायचा. त्याची मान त्या जागी अडकते की काय असं वाटायचं.

मघा संपायला चार दिवस उरले आणि एका दुपारी पाऊस आला. नुसता आला नाही, तासभर कोसळला. सगळं रान वाहायला लागलं. हर्षदा आणि मल्हारी दोघंही खोळ न घेता तालीकडं धावले. तालीपाशी पाणी साठत होतं. खालच्या ओळी भिजल्या, वीतभर पाणी झालं, आणि वरच्या ओळींकडं पाणी सरकायला लागणार तोच ते सांडव्यातून खाली पडायला लागलं. पाऊस एकाएकी थांबला. ढगाचा तुकडा निघून गेला, ऊन पडलं. वरच्या उतारावरचं पाणी अजून तालीकडं येत होतं आणि येईल तसं सांडव्यातून जात होतं.

हर्षदा हिशोब करायला लागली. सांडवा बंद असता तर पाणी वर चढलं असतं, मधल्या सगळ्या ओळी धरल्या असत्या. अर्धी बाजरी वाचली असती. आता खालच्या पाच-सात ओळींचं काय ते खरं. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. मल्हारी सांडव्यापुढं उभा होता. त्याचे ओठ हलत होते. मग तो मागं फिरला आणि घराच्या दिशेनं चालायला लागला.

“मामा!” हर्षदानं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. पाठ ताठ ठेवून तो चढ चढत राहिला.

तिच्या डोक्यात चटका बसावा तसा विचार आला. भंडारा ह्यांनी उचललाय. मी नाही उचललेला. म्हणून मला सोडून गेलेत काय?

तिचा संताप संताप झाला. त्याच संतापात ती वाकली, तालीच्या कडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि पोटाशी धरला. पाणी जात होतं. घागरीमागून घागर जात होतं. मे महिन्यात हाच सांडवा खोलायला तिनं घसा फोडला होता. तेव्हा म्हाताऱ्याला काय होत होतं, हे तिला आता पोटातच कळलं, आणि कळल्याचा तिला आणखीच राग आला. तिनं एक पाय सांडव्यात टाकला.

खाली गोकुळ आणि भाग्यश्री ओणवे होऊन फावड्यानं पाणी आपल्या बाजरीच्या ओळीत घेत होते. त्यांचीही बाजरी वळलेलीच होती. गोकुळनं मान वर केली आणि त्याला हर्षदा दिसली, तिच्या हातातला दगड दिसला. फावडं तसंच हातात धरून तो बघत राहिला. त्यानं एक शिवी दिली असती ना, तर तिनं दगड लावलाच असता. पण तो नुसता बघत होता, आणि भाग्यश्रीनं तर मान खाली घालून हातानंच माती सारायला सुरुवात केली, जेवढं येतंय तेवढं घ्यावं म्हणून.

“न्हाई लावत!” हर्षदा ओरडली. “न्हाई लावत, घ्या मेलं समदं!” तिनं दगड तालीच्या अलीकडं आपटला आणि रडत चढाकडं वळली.

घरी मल्हारी पडवीत भिंतीकडं तोंड करून बसला होता. रान त्याच्या पाठीमागं. कपड्यांतून पाणी गळून त्याच्याभोवती थारोळं झालं होतं.

“लावलास?” त्यानं विचारलं.

“न्हाई.”

हर्षदाला राहवेना.

“मला तिथं कशाला टाकून आला मामा? मी लावावा म्हणूनच ना? भंडारा तुम्ही उचलायचा आन् पाप माझ्या माथी? मे महिन्यात खोलायचा तवा बी मीच, आता बुजवायचा तवा बी मीच! ह्या घरात दुसरं माणूसच न्हाई का?”

“तुझ्यासाठी न्हाई आलो गं,” मल्हारी भिंतीलाच म्हणाला. “माझ्यासाठी आलो. आणखी जरा उभा राह्यलो असतो तर लावलाच असता.”

तेव्हा तिचं लक्ष गेलं. मांडी घालून बसलेल्या मल्हारीनं दोन्ही हात मांड्यांखाली घालून दाबून धरले होते. वजनानं मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

सखूबाईनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. खालून, सांडव्यातून पाणी पडायचा आवाज इथवर येत होता.

“घ्या की, गार व्हईल,” ती म्हणाली.

“राहू दे,” मल्हारी म्हणाला. “तो आवाज थांबला की घेतो.”